जुनी इलेक्ट्रिक गिटार वाजती करायची तर किती पैसे लागतात? परतवाड्यातून मांडलेला हिशेब

गणपती, शारदोत्सव, लग्नाचं रिसेप्शन. ऑर्केस्ट्राचा जोर होता तेव्हा या मांडवांत इलेक्ट्रिक गिटार लागायचीच. १९७१ साली ‘हरे रामा हरे कृष्णा’ आला, ‘दम मारो दम’मधली भूपिंदर सिंग यांची गिटार घरोघरी पोचली आणि लहान गावांतली पोरंही गिटारीच्या मागे लागली. कुणी कोलकात्याची गिव्हसन घेतली, कुणी मुंबईहून जुनी जर्मन हॉफनर किंवा जपानी गिटार मिळवली. पुढे कीबोर्ड आला, मग डीजे आला आणि गिटारी माळ्यावर गेल्या.

आता नातवंडं त्या खाली काढताहेत आणि विचारताहेत, हिला किती लागतील? परतवाड्यासारख्या गावात या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळत नाही. गिटारचा खास कारागीर जवळ नसतो. दुकानदार ‘नवीच घ्या’ म्हणतो आणि उत्साही मित्र ‘रंग मारून टाकू’ म्हणतो. दोघांचंही ऐकू नका. खर्चाचा क्रम ठरवून घ्या: पहिला पैसा हवेवर, दुसरा विजेवर, तिसरा सुरावर आणि रंगावर जवळजवळ काहीच नाही. हा क्रम चुकला की वीस हजार घालूनही गिटार दोन उन्हाळ्यांत पुन्हा वाकडी होते.

खाली दिलेल्या रकमा म्हणजे कुणाचं दरपत्रक नाही. कामाला हात घालण्यापूर्वी एवढे पैसे बाजूला ठेवावेत, असा तो अंदाज आहे. गाव, कारागीर आणि सुटे भाग यांप्रमाणे तो खालीवर होईल.

आधी ओळख, मग खर्च

गिटार कोणती आणि किती जुनी, हे कळल्याशिवाय एक रुपयाही घालू नका. डोक्यावरचं नाव हा पुरावा नव्हे; नावाची पट्टी कुणीही चिकटवू शकतो. खरी माहिती आत असते.

मागची किंवा पुढची प्लेट उघडा. आवाज आणि टोन फिरवायची जी बटणं असतात त्यांच्या खाली ‘पॉट’ नावाचे गोल धातूचे भाग दिसतील. त्यांच्या पाठीवर किंवा कडेला आकडे ठोकलेले असतात. समजा १३७७६३३ असा आकडा दिसला. पहिले तीन आकडे कारखान्याचे. १३७ म्हणजे अमेरिकेतली सीटीएस कंपनी. पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे १९७६. शेवटचे दोन आठवड्याचे, म्हणजे ३३वा आठवडा, ऑगस्टचा मध्य. हा पॉट मूळचाच असेल तर गिटार त्याच्या आधीची असूच शकत नाही. मान स्क्रूने जोडलेली असेल तर मानेच्या टाचेवरही काही कंपन्या तारखेचा शिक्का मारत किंवा पेन्सिलीने लिहीत. मात्र तेवढ्यासाठी मान घरी सोडवू नका; कारागिराकडे ती निघेल तेव्हा फोटो काढायला सांगा.

उघडलेल्या प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो काढा. जुना स्क्रू, जुना पॉट, तुटकी प्लेट, काहीही फेकू नका. एका डबीत घालून चिठ्ठी लावून ठेवा. जुन्या वाद्याची किंमत त्याच्या मूळ भागांत असते, मग ते भाग चालत नसले तरी.

या टप्प्याचा खर्च: स्क्रूड्रायव्हर आणि ॲलन-कीचा बरा संच, ३०० ते ५०० रुपये.

पहिला पैसा हवेवर

गिटारीच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ती वीसच्याही खाली जाते आणि ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर चढते. लाकूड सुकलं की आकसतं, ओलावलं की फुगतं. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना, म्हणजे फ्रेटना, यातलं काहीच होत नाही. म्हणून उन्हाळ्यात फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची लाकडी पट्टी, आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर डोकावून हाताला कापतात. पावसाळ्यात मान फुगून वाकते आणि तारा वर उचलल्या जातात.

वऱ्हाडात यात आणखी एक भर पडते ती कूलरची. दिवसभर खडखडीत कोरडी असलेली खोली संध्याकाळी कूलर लावला की तासाभरात दमट होते आणि सकाळी कूलर बंद झाला की पुन्हा कोरडी. हा रोजचा झोका लाकडाला कायमच्या कोरडेपणापेक्षाही जास्त नडतो. गिटार कूलरच्या झोतात, स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका. घरातली मधली खोली आणि बंद केस ही तिची जागा.

काय घ्यायचं ते असं:

- आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मापक, म्हणजे हायग्रोमीटर: ३०० ते ५०० रुपये. तो केसमध्येच ठेवायचा.
- पावसाळ्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या: १५० ते २५० रुपये. रंग बदलला की उन्हात किंवा मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.
- उन्हाळ्यासाठी झाकणाची साबणदाणी आणि स्पंज: ५० रुपये. साबणदाणीला छिद्रं पाडा, स्पंज भिजवून घट्ट पिळा आणि आत ठेवून केसमध्ये डोक्याजवळच्या रिकाम्या जागेत ठेवा. पाणी टपकता कामा नये. मापक ४५वर आला की काढून घ्या.

केसमध्ये डांबरगोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेने जुनं लॅकर आणि प्लॅस्टिक मऊ पडतं. वाळवीची भीती असेल तर केस जमिनीवर किंवा भिंतीला लागून न ठेवता उंच स्टँडवर ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून पाहा.

जुन्या गिटारींवरच्या काही प्लेट सेल्युलॉइडच्या असतात. वर्षांनुवर्षं बंद केसमध्ये राहिल्या की त्या आकसतात, तडकतात आणि आंबूस वाफ सोडतात. त्या वाफेने जवळचे स्क्रू, तारांचा कंप विजेत उतरवणारे पिकअप आणि तारा गंजतात. आतला धातू हिरवा पडला असेल आणि प्लेटला उग्र वास येत असेल तर ती प्लेट काढून वेगळ्या कागदी पाकिटात, हवेशीर जागी ठेवा. या कामाला खर्च काहीच नाही आणि बाकीची गिटार वाचते.

केस नसेल तर कडक केसला ५,००० ते ९,००० आणि जाड गादीच्या पिशवीला १,५०० ते ३,००० रुपये धरा. परतवाड्याला सागवानाचा डेपो आहे, आरामशिनी आहेत आणि हाताने काम करणारे चांगले सुतार आहेत. आतून फोम लावलेली लाकडी पेटी इथेच करून घेता येईल. गिटारचं माप कागदावर आखून द्या आणि मानेखाली आधार ठेवायला सांगा.

दुसरा पैसा विजेवर

गिटारीच्या तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात. म्हणजे ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगमध्ये दोष असेल तर तो थेट वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येतो. एक हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी बसलेला धक्का जिवावर बेततो. म्हणून जुना ॲम्प पुसून लगेच लावून पाहायचा मोह टाळा.

वायरमनला बोलावून खोलीतल्या प्लगचं अर्थिंग मोजून घ्या. ३०० ते ५०० रुपये. काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा उपयोग उरत नाही. मे महिन्यात खड्ड्यात पाणी घालायची सवय ठेवा. बोर्डात गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवणं, मजुरी धरून २,००० ते ३,५०० रुपये, हा सगळ्या यादीतला सर्वांत मोलाचा खर्च आहे.

ॲम्प व्हॉल्व्हचा असेल तर तो घरी उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीव घेईल एवढा दाब साठून राहतो. दोन पिनांची वायर असेल तर ती बदलून तीन पिनांची करून घ्या. ॲम्प अमेरिकेचा किंवा जपानचा असेल तर तो किती व्होल्टचा आहे ते मागच्या पट्टीवर वाचा. ११० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३०वर लावला की तिथेच जळतो. ॲम्पच्या तपासणीला आणि किरकोळ दुरुस्तीला १,५०० ते ३,००० रुपये धरा. व्हॉल्व्ह आणि ट्रान्स्फॉर्मरचे पैसे वेगळे.

आता गिटारीतली वीज. बटण फिरवताना खरखर होते म्हणजे बहुतेक वेळा पॉटमध्ये धूळ आणि गंज असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर, ३०० ते ५०० रुपये, पॉटच्या फटीत एकदा मारा आणि बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. गंज सोडवायचा साधा स्प्रे वापरू नका. तो तेलकट थर ठेवतो आणि त्यावर धूळ पुन्हा बसते. निम्म्या गिटारींचं काम इथेच होतं.

नाहीच झालं तर जॅक, स्विच किंवा पॉट बदलावा लागतो. साधा पॉट १५० रुपयांपासून, चांगला आयात केलेला ८०० पर्यंत. सुटे भाग आणि डाग देण्याची मजुरी मिळून १,५०० ते ४,५०० रुपये धरा. गावातला जुना रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर हे काम उत्तम करू शकतो. त्याला दोनच गोष्टी सांगा: आधी फोटो काढ आणि काढलेला पॉट परत दे. एका कॉइलच्या पिकअपला बहुधा २५० किलोओहमचा पॉट लागतो, दुहेरी कॉइलच्या हंबकरला ५००चा. हे माहीत असलं की चुकीचा भाग बसत नाही.

पिकअप मुकाच असेल तर मल्टिमीटर लावून पाहायला सांगा. आकडा काही किलोओहम आला तर कॉइल शाबूत आहे आणि दोष वायरिंगमध्ये आहे. काहीच आकडा आला नाही तर केसापेक्षा बारीक तार कुठेतरी तुटली आहे. ती नव्याने गुंडाळून घ्यायला एका पिकअपमागे २,००० ते ४,००० रुपये. मूळ पिकअप काढून नवा बसवणं कधी स्वस्त पडतं, पण ते करू नका. त्या गिटारीचा आवाज त्या पिकअपमध्ये आहे.

तिसरा पैसा सुरावर

नव्या तारांचा संच ५०० ते ८०० रुपये. जुन्या मानेला ००९ किंवा ०१० जाडीच्या तारा पुरतात. जाड तारांचा ताण तिला सोसत नाही. सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, एक लावा.

मान सरळ आहे का, हे घरी पाहता येतं. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये किती फट आहे ते बघा. साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे पातळसं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असेल तर मान ठीक आहे. फट त्याहून बरीच मोठी असेल तर मान पुढे वाकली आहे; फटच नसेल तर मागे.

मानेत ट्रस रॉड, म्हणजे मानेला ताण देणारी धातूची कांब, असेल तर ती फिरवून हे सुधारतं. पण एका वेळी पाव वळणच, तेही योग्य मापाच्या चावीने, आणि मग एक दिवस थांबायचं. जोर लावावा लागला तर तिथेच थांबा. काही जुन्या स्वस्त गिटारींत फिरवता येणारा रॉड नसतोच. नुसती लोखंडी पट्टी असते. अशी मान वाकली तर उष्णता आणि दाब देऊन सरळ करावी लागते आणि ते काम अनुभवी कारागिराचंच.

कारागिराकडची कामं आणि त्यांसाठी धरायचे पैसे असे:

- पूर्ण सेटअप, म्हणजे मान, तारांची उंची आणि सुरांची जुळणी: १,००० ते २,००० रुपये.
- हाडाचा नवा नट, म्हणजे डोक्यापाशी तारा टेकतात तो तुकडा: ८०० ते १,५०० रुपये.
- फ्रेट घासून समतल करणं: २,००० ते ४,००० रुपये.
- सगळे फ्रेट नवे बसवणं: ६,००० ते १२,००० रुपये. यात सेटअप धरलेला आहे का, ते आधी विचारा.
- डोक्यापाशी मोडलेली मान जोडणं: २,५०० ते ६,००० रुपये.

फ्रेटवर खोल खड्डे पडलेले नसतील तर नवे बसवू नका, घासून चालतात. आणि मोडलेली मान ओळखीच्या सुताराकडून फेव्हिकॉल लावून घेऊ नका. सुतार कितीही हुशार असला तरी दरवाज्याच्या चौकटीवर आणि गिटारीच्या मानेवर पडणारा ताण वेगळा. फेव्हिकॉल तारांच्या सततच्या ओढीखाली हळूहळू सरकतो, आणि एकदा लाकडात मुरला की पुढे दुसरा सरस तिथे नीट धरत नाही.

फिंगरबोर्ड गडद, पॉलिश नसलेल्या लाकडाचा असेल तर बहुधा तो शिसवाचा असतो. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकन कारखान्यांनीही भारतीय शिसव मोठ्या प्रमाणावर वापरलं. आपल्या मेळघाटात उगवतं त्याच जातीचं. त्याला वर्षातून एक-दोनदा, होळीच्या सुमारास तर नक्कीच, फिंगरबोर्डच्या तेलाचे चार थेंब फडक्याने लावा आणि लगेच पुसून घ्या. बाटली ३०० ते ५०० रुपये. खोबरेल किंवा मोहरीचं तेल नको, ते खवट होऊन चिकटतं. फिकट, चकचकीत मेपलच्या बोर्डला तेलच लावायचं नाही, फक्त कोरडं फडकं.

रंगाला हात नको

दुरुस्तीत सर्वांत जास्त नुकसान होतं ते इथे. गिटार खाली निघाली की घरच्यांना पहिली दिसते ती तिची उडालेली कड. मग फर्निचरचं पॉलिश किंवा गाडीचा स्प्रे मारून घेतला जातो. जुन्या गिटारींच्या बाजारात मूळ रंग गेलेल्या वाद्याची किंमत साधारण निम्म्यावर येते. आवाजात तर काडीचीही भर पडत नाही. किंचित ओलसर सुती फडकं आणि मग कोरडं फडकं, एवढंच करा.

जुन्या गिटारींवर बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. रबराच्या स्टँडला किंवा रेक्झिनच्या पट्ट्याला ते अनेक महिने टेकून राहिलं की विरघळून चिकटतं. स्टँडला जुन्या सुती धोतराचं कापड गुंडाळा. खर्च शून्य.

कुठे न्यायची, कशी न्यायची

तारा आणि साधे भाग अमरावतीत किंवा अकोल्यात वाद्यांच्या दुकानांत मिळतात. फ्रेट आणि मानेच्या कामासाठी नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. मुंबईत धोबीतलावला १८६५पासूनचं फुर्ताडोस आहे. स्वतंत्रपणे काम करणारे चांगले कारागीर कोण, हे अशा जुन्या दुकानांत आणि वाजवणाऱ्यांकडे विचारलं की कळतं. आधी फोटो आणि आवाजाची क्लिप पाठवून अंदाज घ्या. बघण्यापूर्वीच ‘सगळं बदलावं लागेल’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

गिटार स्वतः न्या, कुरिअरने पाठवू नका. तारा एक-दोन सूर उतरवा, पूर्ण ढिल्या करू नका. एसटीच्या डिकीत किंवा टपावर ठेवू नका आणि उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. ठेवायला एक आणि आणायला एक, अशा दोन खेपा धरा. नागपूरला एका खेपेचे १,५०० ते २,५०० रुपये. पुण्या-मुंबईला रेल्वे आणि राहणं धरून ४,००० ते ६,००० रुपये.

मुलगा परदेशात आहे आणि गिटार त्याच्याकडे पाठवायची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. शिसवाच्या साऱ्या जाती २०१७ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आल्या. नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, मात्र ब्राझिलियन शिसवाला नाही. लाकूड ब्राझीलचं असण्याची शंका असेल तर परवान्याची चौकशी आधी करा.

एकूण हिशेब

*हलकं काम, घरच्या घरी:* मापक, सिलिका, साबणदाणी, हत्यारं, तारा, क्लीनर, तेल आणि फडकी मिळून २,००० ते ३,३०० रुपये.

*मध्यम काम:* वरचा खर्च, शिवाय वायरिंग, सेटअप आणि नागपूरच्या दोन खेपा, मिळून ७,५०० ते १५,००० रुपये.

*मोठं काम:* घरचा खर्च, वायरिंग, नवे फ्रेट, नट, एका पिकअपचं गुंडाळणं, कडक केस आणि पुण्या-मुंबईच्या दोन खेपा, मिळून २५,००० ते ४६,००० रुपये.

ॲम्प आणि घरातलं अर्थिंग यांत धरलेलं नाही. सुरुवातीला शिकायला बरी अशी नवी इलेक्ट्रिक गिटार १५ ते २५ हजारांत येते, हेही लक्षात ठेवा. म्हणून साध्या देशी गिटारीवर मोठं काम करण्याआधी घरात बसून ठरवा: ती विकायची आहे, शिकायची आहे, की आजोबांची म्हणून जपायची आहे? विकायची असेल तर हवेचा आणि विजेचा खर्च करून थांबा. शिकायची असेल तर मध्यम काम पुरे. जपायची असेल तर मोठं काम जरूर करा, पण एकदम नको. दोन-तीन वर्षांत वाटून.

पावती घ्या

काम देताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: गिटारचा सीरियल नंबर, करायची कामं, ठरलेली रक्कम आणि परत मिळायचे जुने भाग. ठरल्यापेक्षा जास्त खर्च निघाला तर आधी फोन करावा, हेही लिहा. पैसे निम्मे आधी, निम्मे वाजवून बघितल्यावर.

मूळ पिकअप बदलून दुसरा बसवला किंवा काम बिघडवलं तर ती सेवेतली त्रुटी ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे नाही सुटलं तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे कारागीर मुंबईचा असला तरी अर्ज अमरावतीच्या जिल्हा आयोगात. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पावती आणि तुम्ही काढलेले फोटो हाच तुमचा पुरावा.

केव्हा सुरू करायचं

मानेचं आणि फ्रेटचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करून घ्या. तेव्हा आपल्याकडची हवा त्यातल्या त्यात स्थिर असते. मे महिन्यात केलेला सेटअप ऑगस्टमध्ये बिघडतोच. पण हवेच्या बंदोबस्ताला मुहूर्त नको. पाचशे-आठशे रुपयांचा मापक, सिलिका आणि साबणदाणी या आठवड्यात आणा. पैसे साठेपर्यंत गिटार आहे त्या अवस्थेत टिकून राहील. आणि वाजती झाली की आठवड्यातून दोनदा तरी हातात घ्या. नेहमी हाताळलेल्या गिटारीचे पॉट गंजत नाहीत, मान वाकायला लागली तर लगेच कळतं, आणि पाव वळणावर भागणारं काम बारा हजारांच्या फ्रेटपर्यंत जात नाही.